रस्ता हवाच, पण हिमालयाला पेलणारा

५ ऑगस्ट २०२५ रोजी दुपारी उत्तरकाशी जिल्ह्यातील धराली गावावर खीरगंगेच्या ओढ्यातून पाणी, चिखल आणि दगडधोंड्यांचा प्रचंड लोंढा कोसळला. पाहता पाहता गंगोत्रीच्या वाटेवरील या गावाची बाजारपेठ गाडली गेली. जवळच असलेल्या हर्षिल येथील सैन्यतळालाही त्याच दिवशी तडाखा बसला आणि सीमेचे रक्षण करणारे जवानच बेपत्ता झाले. मदतीसाठी निघालेली पथके मात्र वाटेतच अडकून पडली. गंगनानीच्या पुढे लिमचागाड ओढ्यावरील पूल वाहून गेला होता आणि रस्ता ठिकठिकाणी तुटला होता. सैन्यदल आणि सीमा रस्ते संघटनेच्या अभियंत्यांनी रात्रीचा दिवस करून तेथे लोखंडी बेली पूल उभा केला. तोपर्यंत धरालीला आकाशमार्गाचाच आधार होता.

धरालीचा लोंढा रस्त्यामुळे आला, असे म्हणता येणार नाही. तो वरच्या डोंगरातून आला. परंतु ज्या रस्त्याने मदत पोहोचावयाची, तोच रस्ता त्या दिवशी उभा राहू शकला नाही, ही वस्तुस्थिती आहे. हिमालयातील रस्त्यांविषयी गेली काही वर्षे जो वाद देशात चालू आहे, त्यातील दोन्ही पक्षांनी या वस्तुस्थितीकडे शांतपणे पाहण्याची आवश्यकता आहे. एका पक्षाला हिमालयात रस्ताच नको आहे. दुसऱ्या पक्षाला रस्त्याविषयी शंका काढणाराच नको आहे. सीमेवर उभा असलेला सैनिक आणि सीमेलगतच्या गावात राहणारा नागरिक या दोघांनाही या भांडणाचा काडीचाही उपयोग नाही. त्यांना बारमाही चालणारा रस्ता हवा आहे.

उत्तर सीमेवर रस्ते हवेत का, हा प्रश्न १९६२ साली रक्त सांडून सुटलेला आहे. चीनने १९५७ पर्यंत अक्साई चीनमधून सिंकियांग-तिबेट रस्ता पूर्ण केला, तेव्हा दिल्लीतील राज्यकर्ते पंचशीलाच्या स्वप्नात होते. सीमा रस्ते संघटनेची स्थापना व्हावयास ७ मे १९६० हा दिवस उजाडावा लागला. युद्धातील पराभवानंतर तरी शहाणपण यावे, ही अपेक्षाही फोल ठरली. सीमाभाग अविकसित ठेवणे हेच उत्तम संरक्षण, कारण चांगले रस्ते शत्रूलाच उपयोगी पडतील, अशी विचित्र धारणा अनेक दशके सरकारी धोरणात मुरलेली होती. ही टीका विरोधकांची नव्हे. तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी सप्टेंबर २०१३ मध्ये लोकसभेत याची कबुली दिली होती. दरम्यान पलीकडे रस्ते, रेल्वे आणि विमानतळ उभे राहत होते. आपल्याकडे मात्र कित्येक चौक्यांवर शिधा आणि दारूगोळा खेचरांच्या पाठीवरून जात होता.

सैन्याप्रमाणेच गावांचाही विचार करावयास हवा. रस्ता नाही म्हणून शाळेत शिक्षक टिकत नाही, दवाखान्यात डॉक्टर येत नाही, बागेतले सफरचंद बाजारात पोहोचत नाही. मग तरुण डेहराडून किंवा दिल्लीची वाट धरतात आणि गाव ओस पडते. सीमेवरील ओसाड गाव हे शत्रूला दिलेले आमंत्रणच असते. तेथील मेंढपाळ, तेथील गृहिणी, तेथील देवळाचा पुजारी हे सारे देशाचे डोळे आणि कान आहेत. यास्तव ऑक्टोबर २०२२ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी माणा हे देशाचे शेवटचे नव्हे, तर पहिले गाव आहे असे सांगितले, आणि पाठोपाठ २०२३ मध्ये सीमावर्ती गावांसाठी ४८०० कोटी रुपयांची व्हायब्रंट व्हिलेजेस योजना मंजूर झाली. ही दिशा सर्वस्वी योग्य आहे. चीन सीमेसाठी निश्चित झालेले ७३ सामरिक रस्ते, अटल बोगदा, अरुणाचलातील सेला बोगदा ही कामे म्हणजे मागील चुकांचे परिमार्जन आहे.

रस्त्याची आवश्यकता अशी निर्विवाद आहे. वाद आहे तो रस्ता कसा बांधावा याविषयी. चारधाम महामार्गाच्या उदाहरणावरून तो स्पष्ट होतो. २७ डिसेंबर २०१६ रोजी डेहराडून येथे या प्रकल्पाची पायाभरणी झाली. यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ आणि बद्रीनाथ या चार धामांकडे जाणारे मार्ग, तसेच टनकपूर ते पिथौरागढ हा कैलास-मानसरोवर यात्रेचा मार्ग, असे सुमारे ९०० किलोमीटरचे रस्ते रुंद व बारमाही करण्याची ही योजना, खर्च सुमारे १२ हजार कोटी रुपये. देवभूमीच्या यात्रेकरूंची सोय आणि सीमेकडे जाणारी वाट, ही दोन्ही कामे एकाच रस्त्याने साधणार होती. काम सुरू झाले आणि काही संस्था न्यायालयात गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्यावरण-अभ्यासक रवी चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली. रस्त्याची रुंदी किती असावी, यावर या समितीतच फूट पडली.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्याच मार्च २०१८ मधील परिपत्रकात डोंगरी भागासाठी ५.५ मीटर रुंदी सांगितलेली होती. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाने तीच मान्य केली. पुढे सैन्याच्या गरजा मांडल्या गेल्या. क्षेपणास्त्रांचे लांबलचक वाहक, तोफा आणि अवजड यंत्रसामग्री अरुंद वळणांवरून नेता येत नाही, हे साधे वास्तव आहे. मंत्रालयाने डिसेंबर २०२० मध्ये सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यांपुरता नियम बदलला आणि १४ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऋषिकेश-माणा, ऋषिकेश-गंगोत्री आणि टनकपूर-पिथौरागढ या तीन मार्गांवर सुमारे १० मीटर रुंदीच्या दुपदरी रस्त्याला अनुमती दिली. सैन्याला काय हवे, हे न्यायालयाने ठरवावयाचे नाही, ही न्यायालयाची भूमिका योग्यच होती. परंतु त्याच निर्णयात न्यायालयाने समितीने सुचविलेले उपाय अमलात आणण्यास सांगितले आणि त्यावर देखरेखीसाठी निवृत्त न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निर्णयाचा पहिला भाग सर्वांच्या स्मरणात राहिला. दुसऱ्या भागाची मात्र फारशी चर्चा झाली नाही.

याच प्रकल्पातील आणखी एक गोष्ट परखडपणे सांगावयास हवी. नियमानुसार १०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या महामार्गाच्या विस्तारासाठी पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास करावा लागतो. सुमारे ९०० किलोमीटरचा हा प्रकल्प ५३ तुकड्यांत विभागला गेला आणि त्यामुळे संपूर्ण प्रकल्पाचा एकत्रित अभ्यास करण्याची वेळच आली नाही. कागदोपत्री हे नियमबाह्य नसेलही. परंतु दरड काही कागदावरील तुकडे पाहून कोसळत नाही. वरच्या तुकड्यात नदीत लोटलेला राडारोडा खालच्या तुकड्यातील पुलाला धडकतो. अभ्यासाला लागणारे काही महिने वाचविण्याच्या नादात खटल्यात काही वर्षे गेली. देशहिताचे काम करताना पळवाट शोधण्याची गरज पडू नये. पळवाट शोधली, की चांगल्या कामावरही संशयाची सावली पडते आणि विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळते.

आता हवामानबदलाचा मुद्दा. या शब्दाभोवती पाश्चात्त्यांच्या ढोंगाचे इतके वलय आहे, की राष्ट्रीय विचारांचा माणूस तो ऐकताच सावध होतो. हा सावधपणा अनाठायी नाही. दीडशे-दोनशे वर्षे कोळसा जाळून श्रीमंत झालेल्या देशांनी, दरडोई कर्बवायू उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी असलेल्या भारताला रस्ते बांधू नका असे सांगावे, यासारखा उद्दामपणा दुसरा नाही. सीमेवरील एका रस्त्याने पृथ्वीचे तापमान वाढेल, असा दावा कोणी करीत असेल तर तो हसण्यावारी न्यावा. परंतु प्रश्नाची दुसरी बाजू हसण्यावारी नेता येत नाही. रस्त्यामुळे हवामानाचे काय होईल, यापेक्षा बदललेल्या हवामानात रस्त्याचे काय होईल, हा खरा प्रश्न आहे. आणि तो लंडन-न्यूयॉर्कने नव्हे, तर हिमालयानेच विचारलेला आहे.

भारत सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९५१ ते २०१४ या काळात हिंदुकुश-हिमालय भागाचे तापमान सुमारे १.३ अंश सेल्सियसने वाढले. काठमांडूस्थित आंतरराष्ट्रीय पर्वतविकास केंद्राच्या २०२३ मधील अहवालानुसार २०११ ते २०२० या दशकात येथील हिमनद्या आधीच्या दशकाच्या तुलनेत ६५ टक्के अधिक वेगाने वितळल्या. याचा अर्थ रस्त्याच्या भाषेत समजून घेतला पाहिजे. उंच कड्यांतील भेगांमध्ये साचलेले बर्फ दगडांना सिमेंटसारखे धरून ठेवते. ते वितळले, की कडा सुटतो. हिमनदी मागे सरकली, की तिच्या मुखाशी मोकळ्या गोट्यांचे ढीग आणि त्यांच्या आड तलाव साठतात. हवा एक अंशाने तापली, की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा थोड्या वेळात अधिक पडतो. जेथे पूर्वी हिमवर्षाव होई, तेथे आता पाऊस कोसळतो आणि तो थेट ओढ्यांत उतरतो. मागच्या पन्नास वर्षांचा पाऊस मोजून बांधलेली मोरी आणि पुलाची उंची पुढच्या पन्नास वर्षांना पुरेल, ही खात्री आता कोणताही अभियंता देऊ शकत नाही.

चमोली जिल्ह्यातील रैणी हे गाव या संदर्भात आठवावे. १९६२ नंतर अलकनंदेच्या खोऱ्यात सैन्यासाठी रस्ते गेले. रस्ते आवश्यक होते. पण त्याच रस्त्यांनी जंगलाचे ठेकेदारही आत पोहोचले आणि उतार उघडे पडले. १९७० साली अलकनंदेला विनाशकारी पूर आला. त्या पुराने दिलेल्या जाणिवेतूनच पुढे मार्च १९७४ मध्ये रैणीच्या गौरादेवी आणि गावातील स्त्रिया झाडांना कवटाळून उभ्या राहिल्या. चिपको आंदोलनाची ही कथा शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. त्याच रैणीत ७ फेब्रुवारी २०२१ रोजी ऋषिगंगेतून मृत्यू उतरला. रौंथी शिखराच्या कड्यापासून सुटलेला खडक आणि बर्फ यांचा डोंगर दरीत कोसळला. दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. याच लोंढ्यात जोशीमठ-मलारी मार्गावरील काँक्रीटचा पूल नाहीसा झाला आणि नीती खोऱ्यातील सीमेलगतची १३ गावे तुटली. सीमा रस्ते संघटनेने महिन्याच्या आत तेथे बेली पूल उभा केला, हे तिच्या जवानांचे कर्तृत्व. परंतु ते दिवस युद्धाचे असते तर?

४ ऑक्टोबर २०२३ रोजी सिक्कीममध्ये हेच घडले. दक्षिण ल्होनाक हा हिमतलाव फुटला, तिस्तेच्या पुरात चुंगथांग येथील १२०० मेगावॅट प्रकल्पाचे धरण उद्ध्वस्त झाले, अनेक पूल गेले आणि उत्तर सिक्कीम देशापासून तुटले. सैन्याचे वीसहून अधिक जवान त्या पुरात बेपत्ता झाले. त्या दिवशी सीमेवर शत्रूची एकही गोळी सुटली नव्हती.

केवळ आपत्तीचीच उदाहरणे कशाला? लडाखमधील दरबूक-श्योक-दौलतबेग ओल्डी हा सुमारे २५५ किलोमीटरचा रस्ता २०२० च्या गलवान संघर्षानंतर घराघरांत पोहोचला. पण त्याचा पूर्वेतिहास फारसा कोणाला ठाऊक नाही. या शतकाच्या आरंभी काम सुरू झाले तेव्हा या रस्त्याचा मोठा भाग श्योक नदीच्या पात्रालगत आखला गेला होता. उन्हाळ्यात बर्फ वितळून नदी फुगली, की रस्ता पाण्याखाली जाई किंवा वाहून जाई. अखेरीस मोठ्या भागाची आखणी नव्याने करावी लागली आणि श्योकवर सुमारे १४०० फूट लांबीचा कर्नल चेवांग रिंचेन सेतू ऑक्टोबर २०१९ मध्ये खुला झाला, तेव्हा कोठे या मार्गाला बारमाही रूप आले. नदीचा स्वभाव आधीच लक्षात घेतला असता तर कित्येक वर्षे वाचली असती. गलवानसारखा प्रसंग त्या वाया गेलेल्या वर्षांत उद्भवला असता, तर त्या चुकीची किंमत काय झाली असती याची कल्पनाही करवत नाही. येथे रस्त्याला उशीर केला तो पर्यावरणवाद्यांच्या याचिकेने नव्हे, तर निसर्गाकडे केलेल्या दुर्लक्षाने.

डोंगरातील रस्ता कोठे बिघडतो, हे समजावयास फार मोठे शास्त्र लागत नाही. कोकणात किंवा सह्याद्रीच्या घाटांत राहणाऱ्या माणसाला ते पावसाळ्यात दरवर्षी दिसते. डोंगराचा पायथा उभा कापला, की वरचा भाग आधार हरवून बसतो. सुरुंगाने खडक फोडला, की भेगा आत खोलवर जातात. निघालेला राडारोडा दरीत लोटला, की नदीचे पात्र उथळ होते आणि पुढच्या पुरात पाणी वर चढते. ओढ्याच्या तोंडाशी अरुंद मोरी बांधली, की ती दगडगोट्यांनी तुंबते आणि पाणी रस्त्यावरून वाट काढते. हिमालय तर सह्याद्रीच्या काळ्या कातळासारखा घट्ट नाही. तो वयाने तरुण, अजून उचलला जाणारा, ठिसूळ पर्वत आहे. गढवालचे तत्कालीन आयुक्त महेशचंद्र मिश्रा यांच्या समितीने १९७६ मध्येच सांगून ठेवले होते, की जोशीमठ हे जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेले आहे, तेथे पायथ्याचे दगड काढू नयेत, सुरुंग लावू नयेत. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठच्या घरांना भेगा पडल्या, तेव्हा हा अहवाल साऱ्यांना आठवला. सीमेकडे जाणारा मार्ग आणि सैन्याचा मोठा तळ याच गावात आहे.

मग यावर उपाय काय? रस्ते बांधूच नयेत, हा उपाय नव्हे. ते अधिक कष्टाने, अधिक पैसा खर्चून बांधावेत, हा उपाय आहे. रोहतांगच्या बर्फाखाली ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. त्याच्या कामात सेरी नाल्याच्या पाण्याने कैक वर्षे अडथळा आणला, तरी अभियंते मागे हटले नाहीत. आज या बोगद्यामुळे मनाली-लेह मार्ग ४६ किलोमीटरने कमी झाला आहे आणि रोहतांगच्या हिमवादळांचा अडसर दूर झाला आहे. अर्थात बोगदा म्हणजे जादूची कांडी नव्हे. चारधाम मार्गावरील सिलक्यारा बोगद्याचा भाग १२ नोव्हेंबर २०२३ रोजी कोसळून ४१ कामगार आत अडकले आणि १७ व्या दिवशी त्यांची सुटका झाली. त्या सुटकेचा आनंद साऱ्या देशाने साजरा केला. परंतु डोंगराच्या पोटात शिरण्यापूर्वी त्याची पुरेशी तपासणी आणि संकटकाळी बाहेर पडण्याची वाट, हा त्या घटनेचा धडा आनंदोत्सवात विसरला जाऊ नये.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण कोकण रेल्वेचे आहे. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांमुळे गाडी घसरून पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर रेल्वे बंद करा, असे कोणी म्हटले नाही. कापलेल्या डोंगरांचे उतार कमी करण्यात आले, लोखंडी जाळ्या बसविण्यात आल्या, पावसाळ्यासाठी वेग कमी ठेवणारे वेगळे वेळापत्रक पाळले जाऊ लागले. पुढे त्याच कोकण रेल्वे महामंडळाने काश्मीर रेल्वेमार्गावर चिनाबच्या पात्रापासून ३५९ मीटर उंचीचा पूल उभारला आणि ६ जून २०२५ रोजी तो राष्ट्राला अर्पण झाला. सह्याद्रीच्या दरडींनी जे शिकविले, ते हिमालयात कामी आले. शत्रूकडूनही शिकावे, असे आपले नीतिशास्त्र सांगते. चीनने २००६ मध्ये सुरू केलेल्या गोलमुड-ल्हासा रेल्वेमार्गाचा सुमारे ५५० किलोमीटरचा भाग कायम गोठलेल्या जमिनीवरून जातो. पुढे तापमान वाढून ही जमीन विरघळेल, हे गृहीत धरूनच त्याने दगडी हवेशीर भराव, जमिनीतील उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या आणि कोरड्या जमिनीवरही पूल यांची योजना केली. चीनला पर्यावरणाचा पुळका आहे, असे कोणी म्हणणार नाही. त्याला रेल्वे टिकावयास हवी होती, म्हणून त्याने हवामानाचा हिशेब केला.

भारतात हा हिशेब आता अधिक महत्त्वाचा झाला आहे, कारण कायद्याचे बंधन सैल झाले आहे. जुलै २०२२ च्या अधिसूचनेनुसार सीमेपासून १०० किलोमीटरच्या आतील सामरिक महामार्गांना पर्यावरणीय पूर्वपरवानगीतून वगळण्यात आले. २०२३ मध्ये वनसंरक्षण कायद्यात झालेल्या दुरुस्तीनेही अशा रस्त्यांना सवलत दिली. फायली वर्षानुवर्षे अडून राहू नयेत, शत्रूला रस्त्यांची माहिती सार्वजनिक कागदांतून मिळू नये, हे हेतू योग्य आहेत. परंतु परवानगीतून सूट म्हणजे तपासणीतून सूट नव्हे. ही तपासणी बंद दाराआड करता येते. संरक्षण संशोधन व विकास संस्थेची चंडीगढ येथील प्रयोगशाळा हिमस्खलन आणि भूप्रदेशाचाच अभ्यास करते. डेहराडूनची वाडिया हिमालय भूविज्ञान संस्था आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या आपल्याच संस्था आहेत. त्यांच्या तज्ज्ञांना सैन्याच्या अभियंत्यांबरोबर आखणीच्या पहिल्या दिवसापासून बसवावे, त्यांनी ठरावीक मुदतीत मत द्यावे आणि ते डावलावयाचे असल्यास कारण लेखी नोंदवावे. निविदेत केवळ बांधकामाचा खर्च न धरता उतार सावरण्याचा, राडारोडा सुरक्षित जागी नेण्याचा आणि पुढील वीस वर्षांच्या देखभालीचा खर्च धरावा. वरच्या बाजूच्या हिमतलावांवर सतत लक्ष ठेवून पुलांपर्यंत इशारा पोहोचविणारी यंत्रणा असावी. जेथे सैन्याला रुंद रस्ता हवा तेथे तो द्यावाच. पण जेथे केवळ पर्यटकांच्या मोटारींची गर्दी सामावून घ्यावयाची आहे, तेथे सैन्याच्या नावाने डोंगर कापू नये.

गोमुख ते उत्तरकाशी या भागीरथीच्या खोऱ्यात, जेथे २०१२ पासून सुमारे ४१७९ चौरस किलोमीटरचे क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाले आहे, तेथे हा विवेक विशेषत्वाने हवा. धराली याच पट्ट्यात आहे. येथील देवदारांचे उतार म्हणजे रस्त्याची नैसर्गिक संरक्षक भिंतच होय. सप्टेंबर २०२५ मध्ये ज्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहून २०२१ च्या निर्णयाचा पुनर्विचार करण्याची विनंती केली, त्यांत डॉ. मुरली मनोहर जोशी आणि डॉ. कर्णसिंह यांचा समावेश होता. डॉ. जोशी यांनी १९९२ मध्ये श्रीनगरच्या लाल चौकात तिरंगा फडकविला, हे राष्ट्रीय विचारांच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. त्यांच्या मागणीशी सहमत व्हावेच असे नाही. न्यायालयात पुन्हा जाण्याने काय साधेल, याविषयी मतभेद असू शकतात. परंतु हिमालयाविषयी चिंता व्यक्त करणारा प्रत्येक जण विकासविरोधी किंवा देशविरोधी असतो, ही सोपी समजूत तरी यानंतर सोडून द्यावयास हवी.

त्याचबरोबर पर्यावरणाची बाजू मांडणाऱ्यांनीही एका प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. रस्ता नको, असे म्हणताना माणा आणि नीती येथील चौक्यांपर्यंत तोफा कशा न्यावयाच्या, आजारी स्त्रीला रुग्णालयात कसे पोहोचवावयाचे, याचा पर्याय त्यांनी सांगावा. केवळ याचिका दाखल करणे हा पर्याय नव्हे. दिल्लीच्या वातानुकूलित सभागृहात बसून सीमेवरील गावाला निसर्गरम्य दारिद्र्यात राहण्याचा उपदेश करणे हे सौजन्याचे लक्षण नाही.

यात्रेकरूंचाही या प्रश्नाशी संबंध आहे. २०२३ मध्ये ५६ लाखांवर भाविकांनी चारधाम यात्रा केली. पूर्वी या यात्रेला निघणारा माणूस घरच्यांचा निरोप घेऊन निघत असे. यात्रा म्हणजे तप होते. आज तिची सहल होऊ लागली आहे. गाड्यांच्या धुरातील काजळी हिमावर बसते, काळे पडलेले हिम अधिक ऊन शोषते आणि लवकर वितळते. ज्या गंगामाईच्या दर्शनाला जावयाचे, तिच्याच उगमावर ही काजळी टाकावयाची, हे कोणत्या भक्तीत बसते? दिवसाला किती वाहने वर जावीत याची मर्यादा आणि सार्वजनिक वाहनांचा आग्रह हा धर्मावरील घाला नव्हे. तो धर्माचाच भाग आहे. महाराष्ट्रातून दरवर्षी चारधामला जाणाऱ्या हजारो कुटुंबांनी ही मर्यादा आपणहून पाळावयास हरकत नाही.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईतच एकात्म मानवदर्शन मांडले. निसर्गाचे दोहन करावे, शोषण करू नये, ही त्या विचाराची शिकवण आहे. शताब्दी वर्षात संघाने समाजापुढे ठेवलेल्या पंच परिवर्तनात पर्यावरणाचा समावेश आहे. झाडे लावणे, पाणी जपणे, प्लास्टिक टाळणे ही त्याची घरगुती अंगे झाली. परंतु कार्यकर्त्याने तेवढ्यावर थांबू नये. आपल्या गावाजवळच्या घाटात रस्ता होतो तेव्हा राडारोडा कोठे टाकला जातो, मोऱ्या पुरेशा आहेत का, हे पाहणे आणि ठेकेदाराला व अधिकाऱ्याला ते निर्भयपणे विचारणे, हेही राष्ट्रकार्यच आहे. सत्ता आपल्या विचारांची आहे म्हणून प्रश्न विचारावयाचे नाहीत, ही निष्ठा नव्हे, तो आळस आहे.

हिमालय हा भारताचा प्रहरी आहे, असे पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जाते. त्या प्रहऱ्याच्या अंगावर जखमा करून त्याच्याकडून पहाऱ्याची अपेक्षा करता येणार नाही. आगामी काळात उत्तर सीमेवर आणखी शेकडो किलोमीटरचे रस्ते होणार आहेत, आणि ते व्हावयासच हवेत. त्यांतील प्रत्येक रस्त्याला एकच कसोटी लावावी. उद्घाटनाच्या दिवशी तो किती रुंद दिसतो, यापेक्षा दहाव्या पावसाळ्यातही सैन्याची गाडी त्यावरून सीमेपर्यंत पोहोचते का, हे पाहावे. या कसोटीला उतरणाऱ्या रस्त्यासाठी थोडा अधिक वेळ आणि थोडा अधिक पैसा लागला, तर तो राष्ट्राने आनंदाने द्यावा.